आईने रेडिओला केलेला फोन

टायरच्या दुकानात गाडीची वाट बघत बसले होते. कोपऱ्यातल्या रेडिओवर संथ इंग्रजी सोल गाण्यांचं आमचं जुनं स्टेशन लागलं होतं. रबराच्या वासासोबत सहावीतली स्कूल बस आठवली.

ड्रायव्हर मिस लोरेन रोज तेच स्टेशन लावायची. सकाळी त्यावर वाढदिवसाचे फोन घेत. माझा वाढदिवस मी कुणालाच सांगितला नव्हता. त्या दिवशी अचानक बसभर आईचा आवाज घुमला, "हॅलो ब्रदर, टुडे माय डॉटर बर्थडे. युअर ब्रेकफास्ट डन?"

निवेदक खळखळून हसला. "नो मॅम, नोबडी एव्हर आस्क्स मी!"

"देन ईट फर्स्ट," आई म्हणाली आणि मग तिने माझं नाव सांगितलं. सगळी बस माझ्याकडे वळली. मी दप्तरात तोंड खुपसलं. संध्याकाळी आईशी बोललेच नाही.

नागपूरहून परदेशात येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. फोनवर इंग्रजी बोलायची आईला इतकी धास्ती, की पिझ्झासुद्धा मीच मागवायचे. आणि तिने रेडिओला फोन केला होता.

टायरच्या दुकानातूनच आईला फोन लावला.

"नाश्ता झाला का गं?" तिने विचारलं.

"नाही गं आई," मी म्हटलं, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.