चौथ्या लेनवरचे मामू

मामू तलावाच्या काठावर पालथे पडलेले दिसले की नवा माणूस हमखास ओरडायचा, "अहो, बघा कुणीतरी, या माणसाला चक्कर आली!" चक्कर कसली येतेय! बिस्किटांचा चौकोनी डबा पाण्यात अर्धा बुडवायचा आणि त्यात तोंड खुपसून पडायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. डब्याचा तळ कापून तिथं त्यांनी डांबरानं काच चिकटवली होती. त्या काचेतून त्यांना पोहणाऱ्यांचे पाण्याखालचे पाय दिसायचे. अर्धा अर्धा तास बघायचे. मग कपाळावर डब्याचा लाल वळ घेऊन उठायचे आणि म्हणायचे, "बेटा, तुझा डावा पाय लई आळशी हाय. कायकू?"

आता या ‘कायकू’ला मी काय उत्तर देणार? चौदा वर्षांची होते मी. पण मामूंना उत्तर लागायचंच. कोणत्या कुशीवर झोपते, दप्तर कोणत्या खांद्यावर असतं, जेवताना कशी बसते, सगळं खोदून खोदून विचारलं. शेवटी निघालं असं की वर्गात मी डावा पाय मुडपून त्यावर बसायची. "आजपासून उजव्यावर बस," म्हणाले. दोन महिन्यांत पाय सुधारला. मास्तरीणबाई मात्र म्हणायच्या की ही मुलगी बाकावर नुसती चुळबुळ करते.

मामू म्हणजे आमच्या औरंगाबादच्या तरणतलावावरचे नोकर. तुरटी फिरवायची, ब्लीचिंग पावडर टाकायची, पाय न धुता येणाऱ्यांना हाकलायचं, एवढंच त्यांचं काम. कागदावर कोच म्हणून दुसरेच एक साहेब होते. ते महिन्यातून एकदा येऊन शिट्टी फुंकून जायचे. आम्हाला पोहायला शिकवलं ते मामूंनी.

ते स्वतः शिकले पडेगावकडच्या एका मळ्यातल्या विहिरीत. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते दहाएक वर्षांचे होते. त्या दिवसांविषयी मी एकदा विचारलं तर जगाला प्रश्न विचारणारा हा माणूस एवढंच बोलला, "त्या दिवसांत मी पान्याखालीच जास्त होतो." आणि तुरटी घेऊन निघून गेला. मी पुन्हा विचारलं नाही.

माझे वडील मूळचे मुकुंदवाडीचे शेतकरी, मग पाटबंधारे खात्यात लागले. ते मला सायकलवर डबलसीट घेऊन पहाटे तलावावर सोडायचे. आईचा याला कडक विरोध. एकदा ती तणतणत तलावावरच आली. "काय हो मामू, पोरीची जात, पोहून पोहून कुठं जाणार ही?" मामू हात जोडून म्हणाले, "तेच तर बघायचंय ना, ताई!" आईला हसू आलं, आणि तिथंच तिचा विरोध बारगळला.

मिडले नावाची शर्यत मामूंनी पहिल्यांदा पाहिली आणि त्यांना दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. आधी फुलपाखरासारखं, मग उताणं, मग बेडकासारखं, शेवटी आपलं नेहमीचं. एकाच बाईनं चारही प्रकार एका दमात पोहायचे. "याला म्हनायचं पोहनं! एका अंगात चार बाया राहतात बेटा, आनि चौघींचं एकमेकींशी जमायला पायजे." माझ्यातल्या तिघींचं बरं चाललं होतं. उताणी पोहणारी तेवढी गडबड करायची.

त्याला कारण पुन्हा विहीरच. मामू शिकवायचे ते विहिरीतलं पोहणं. विहिरीच्या कडेला दगड बाहेर आलेले असतात, म्हणून उताणं जाताना कड यायच्या आधीच माणूस पालथा होतो, नाहीतर टाळकं फुटेल. मिडलेत हे चालत नाही. पाठीवर असतानाच भिंतीला हात लागला पाहिजे. आधी वळलात की बाद. मी दर वेळी आधी वळायची. हे ध्यानात आलं त्या दिवशी मामूंचं तोंड एवढंसं झालं. "ही खोड माझी हाय. माझ्यातून तुझ्यात गेली."

मग वर्षभर हा माणूस काठावर आडवा पडून, भिंतीवर आपला पंजा धरून राहिला. "दे धडक! डोकं आपटलं तर माझ्या हातावर आपटंल." मी धडका दिल्या. त्यांची बोटं सुजायची, जेवताना डाव्या हातानं घास घ्यायचे. हळूहळू माझी भीती गेली. पंजा काढला तरी मी सरळ जाऊन भिंतीला हात लावायला लागले.

याच काळात मामूंना पंच होण्याचं वेड लागलं. एका स्पर्धेत त्यांनी पंचांना इतके प्रश्न विचारले की ते वैतागून म्हणाले, "एवढी हौस आहे तर परीक्षा द्या!" मामूंनी ते मनावर घेतलं. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून ते वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे. एक ओळ पुढं सरकेल तर शपथ! "पाठीवर म्हंजी किती पाठीवर? खांदा किती कलला की पाठ संपली?" मला काठावर निजवून, वळवून वळवून त्यांनी तो नियम डोळ्यांत बसवून घेतला. परीक्षेत पास झाले, पांढरा शर्ट-पँट शिवला, आणि तलावावर सगळ्यांना पेढे दिले.

त्यानंतर आली निवड चाचणी. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मुलींच्या मिडलेसाठी एकच जागा होती. चाचणी जिंकेल ती जाणार. त्या वर्षी चाचणी आमच्याच तलावावर ठेवली होती. पंच कमी पडले म्हणून मामूंनाही उभं केलं. कोण कोणत्या लेनवर, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. मी चौथ्या लेनमध्ये, आणि चौथ्या लेनच्या टोकाला पांढऱ्या कपड्यांत मामू.

मी पहिली आले, हातभर अंतरानं. वडील रडायलाच लागले. आणि तेवढ्यात कर्ण्यावरून सांगितलं, चौथी लेन बाद. वळताना चूक. हात वर केला होता मामूंनी.

वडील धावतच गेले त्यांच्याकडे. "अहो, तुमचीच पोरगी ना ती?"

"व्हय दादा, माझीच," मामू म्हणाले. "पन दिसलं मला. दिसलं त्याला नाय कसं म्हनू?"

दुसरी आलेली मुलगी परदेशी गेली. गुलमंडीच्या बाजारापर्यंत लोक मामूंना नावं ठेवत होते. मी कुणाला काही बोलले नाही. तलावावर जाणं सोडलं, मामूंशी बोलणं सोडलं. पुढं लग्न होऊन नांदेडला गेले.

बारा वर्षं गेली. एकदा माहेरी आले तेव्हा वडील बोलता बोलता म्हणाले, "तुझ्या मामूंनी त्या चाचणीनंतर मुलांना उताणं पोहणं शिकवलंच नाही. म्हणायचे, मला जमत नाय, दुसऱ्याकडून शिका." मी दुपारीच त्यांचं घर गाठलं.

दम्यानं पार वाळले होते. मला बघून उठायला लागले, मी निजवलं. चहा झाला, माझ्या मुलांची चौकशी झाली. मग मान खाली घालून म्हणाले, "बेटा, एक इचारू? लई वर्सं झाली, रोज आठवतं. त्या दिवशी तू आधी का वळली? भीती माझ्यानं निघाली नाय ना तुझी? विहीर राहिलीच ना अंगात?"

बारा वर्षं मी त्यांच्यावर रुसून बसले होते, आणि हा माणूस बारा वर्षं स्वतःला दोष देत होता. लाजेनं मेल्यासारखं झालं.

"नाही मामू. भीती कधीच गेली होती. शर्यतीच्या आधी बघितलं, माझ्या लेनवर तुम्ही उभे. म्हटलं, आधी वळलं तर तेवढाच वेळ वाचेल, आणि मामूच तर आहेत, ते कशाला हात वर करतील? म्हणून मुद्दाम आधी वळले."

मला वाटलं, आता हाकलून देतील. द्यावं, असंच वाटत होतं मला.

"म्हंजी," ते अगदी हळू म्हणाले, "शिकवलं होतं ते बरोबर होतं?"

"अगदी बरोबर होतं, मामू."

मला रडू आवरेना. आणि मामू धापा टाकत, उशीवर कोपर टेकून अर्धे उठले आणि आतल्या खोलीत असलेल्या मामीला आनंदानं ओरडून सांगायला लागले, "अजी, सुनी क्या? पोरगी जान के पलटी थी! अपना सिखाना गलत नै था!"