डिस्कला लावलेलं तेल

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. गाढवपणा माझाच आहे, पण शेवटपर्यंत हसू टिकेल याची खात्री मी देत नाही.

नव्वदीतली गोष्ट. बाहेरचा माल देशात यायला लागला होता आणि आम्ही हैदराबादचे मराठी इंजिनियर एकदम जागतिक झालो होतो! मी रोज नारायणगुड्याहून स्कूटरवर शहराबाहेरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गॅरेजात जायचो. मालकानं परदेशी डिस्क ब्रेकचा एक ट्रेलर आणला होता. तो चाचणीत पास झाला, की पुढचे सगळे ट्रेलर डिस्कचेच घ्यायचे होते.

ड्रम ब्रेक म्हणजे बंद डबा हो. आतले शू फाकतात आणि डब्याला आतून दाबतात. उतारावर फार तापला की पकड ढिली पडते. डिस्क मात्र उघडी. लोखंडी ताट, दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरलेलं. मालकाला हे समजावता समजावता मी तोऱ्यात बोलून गेलो, "सर, डिस्क आया तो लायनिंग मारनेवाला फिटर भी नहीं होना!"

लायनिंग मारणारा फिटर म्हणजे यादगिरी. तो मागेच उभा होता. तीस वर्षं ड्रमच्या शूला लायनिंग, म्हणजे ब्रेकची घासणारी पट्टी, मारत आलेला, माझ्या वडिलांच्या वयाचा. आणि मी? मी त्याला नुसतं 'यादगिरी' म्हणायचो.

चाचणी कधी ठेवली? दसऱ्याला! मुहूर्त नको?

आमच्याकडे दसऱ्याला जॅक, पाने, हातोडे सगळं धुऊन त्याला तेलाचा हात फिरवायचा आणि कुंकू लावायचं. ड्रमलाही. ड्रमला बाहेरून किती का तेल चोपडा, बिघडत काही नाही, कारण ब्रेक लागतो आतून.

मालकाला डिस्क नीट दिसावी म्हणून मी ट्रेलरची चाकं काढून ठेवली होती. बघतो तर काय, आदल्या दिवशीच्या पावसानं डिस्कवर गंज! परदेशी मालावर गंज! मालकासमोर माझी काय शोभा राहिली असती? मी स्वतः फडकं तेलात बुडवलं आणि चारही डिस्क चकाचक पुसल्या. वर कुंकवाची बोटंही ओढली.

यादगिरी जवळ आला. "साब, तेल नक्को. ब्रेक उसीच पे पकडता ना?"

"ये डिस्क है, तुम्हारा डब्बा नहीं. पहलेच ब्रेक में पुछ जाता!"

"हौ साब," म्हणाला आणि चाकं चढवायला लागला. माझी इंजिनियरिंगची चार वर्षं त्या वेळी कुठं गेली होती, ते मला अजून सापडलेलं नाही.

मग काय! सळ्या लादलेला ट्रेलर निघाला. अंगणात चुन्याची रेघ, रेघेवर मालक. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. पुढच्या गाडीचे जुने ड्रम बिचारे जिवाच्या आकांतानं धरून होते, पण मागून माझा परदेशी ट्रेलर तिला ढकलतोय! मालकानं धोतर सावरत उडी मारली. गाडी रेघ ओलांडून कंपाउंडच्या भिंतीत घुसली. माणूस कुणी सापडला नाही, एवढं नशीब.

मालक ट्रेलरखाली वाकला आणि डिस्कला बोट लावून पाहिलं. "तेल! कौन लगाया ये?"

सगळ्यांनी यादगिरीच्या हातांकडे पाहिलं. ते तेलकट होते, तीस वर्षं होतेच. माझे हात मी साबणानं स्वच्छ धुतले होते, प्रसाद घ्यायचा होता ना!

"नौकरी जाती बोलके ऐसा करा तू?" मालक ओरडला.

यादगिरी मालकाकडे बघतसुद्धा नव्हता. माझ्याकडे बघत होता. "साब को मालूम है," एवढंच म्हणाला.

"क्या मालूम है, जाधव साब?"

एक वाक्य बोलायचं होतं हो. एकच! माझ्या तोंडून काय निघालं? "सर, इंक्वायरी करनी पडेगी."

आणि इंक्वायरी दिली कुणाकडे? माझ्याकडेच! मी तीन पानी अहवाल लिहिला, दोष यादगिरीचा. इंग्रजीत. यादगिरीला वाचता येत नव्हतं, त्यानं त्यावर अंगठा उठवला. नोकरी गेली, तरी जाताना मला नमस्कार करून गेला, याची मला आजही लाज वाटते.

डिस्क पुसल्या, चिमट्यात नवे पॅड घातले, ट्रेलर झकास थांबला. मी मॅनेजर झालो.

आता निवृत्तीनंतर मी ड्रायव्हर-मेकॅनिकना शिकवतो. डिस्कचा धडा आला की दर वेळी सांगतो, 'एक अडाणी फिटर होता, त्यानं दसऱ्याला डिस्कलाच तेल लावलं!' वर्ग खो खो हसतो. परवा हसणं थांबल्यावर मागच्या बाकावरच्या एका ड्रायव्हरनं विचारलं, "सर, वो फिटर का आगे क्या हुआ?"

काय झालं कुणास ठाऊक, पण पहिल्यांदाच खरं बोललो. "तो? तो आता तुम्हाला शिकवतोय."

वर्ग आणखीनच हसला.