आये, एटीव्ही आणि धक्क्यावरचा बर्फ

आमच्या गावात बर्फ पडत नाही, सांडतो.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास कधी या. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपलेली असते, बोटी रंगवून तयार असतात आणि पहिल्या फेरीसाठी प्रत्येकाला एकाच वेळी बर्फ हवा असतो. कारखान्यातून लाद्या येतात, धक्क्यावरच्या यंत्रात भरडल्या जातात, आणि निम्मा चुरा बोटीत तर निम्मा धक्क्यावरून पाण्याकडे जाणाऱ्या उतारावर जातो. उतारावर पावसाळाभराचं शेवाळ आधीच बसलेलं. त्यामुळे या उतारावरून खाली पोहोचणं अजिबात कठीण नाही. कोणत्या अंगावर पोहोचायचं, एवढंच आपल्या हातात नसतं.

मी जन्माने कोळी, पण मला बोट लागते. (धक्क्याला बांधून ठेवलेली बोटसुद्धा लागते. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.) म्हणून बाबांच्या मागे बोट धाकट्या भावाकडे गेली आणि मी बीचवर पर्यटकांना फिरवायला एक एटीव्ही घेतली. चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, आणि आवाज असा की माड दचकावेत. माझी आये, म्हणजे आई, तिला ‘खेकडा’ म्हणते. पावसाळ्यात बीच बंद असतो, तेव्हा खेकडा अंगणात ताडपत्रीखाली झोपतो आणि मी ओट्यावर.

आयेचे गुडघे गेल्यापासून दर्याला नारळ सोडायला माझी बायको सुजाता जायची. यंदा मात्र डाळ निवडता निवडता आये म्हणाली, “नारल मीच सोडनार.”

“आये, गुडघे?”

“दोन वर्सं दर्यानं मना बघितलं न्हाय. त्याला वाटल म्हातारी मेली.”

आम्ही हसलो. आये हसली नाही, तिनं डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग आम्हीही हसायचं थांबलो. मला तेव्हा जे वाईट वाटलं ते अजून आठवतं, कारण दर्या तिला विसरेल ही भीती तिला खरोखरच वाटत होती.

भावानं सुचवलं, “खुर्चीत बसवून चार जनं उचलून नेऊ.”

“चार जनांनी उचलून मना एकदाच न्यायचं हाय,” आये म्हणाली. “त्याची घाई न्हाय.”

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही, आणि बोलण्यासारखं काही उरलं नाही की मी बोलतो. “मी नेतो,” म्हटलं, “एटीव्हीवरून.”

“त्या उतारावरनं?” सुजातानं विचारलं.

“वाळूत गाडी चालवण्यात आयुष्य गेलं माझं.”

“वाळू वितळत न्हाय,” ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या कारखान्याच्या अंगणात मी चाचणी घेतली. वाळूत गाडी रुतायला लागली की आम्ही टायरमधली हवा कमी करतो, टायर पसरतो, पकड येते. तोच नियम इथे लावला. हवा सोडली, गाडी बर्फाच्या चुऱ्यावर घातली आणि ब्रेक दाबला. चाकं थांबली. गाडी थांबली नाही! ती शांतपणे, कोणावर राग नसल्यासारखी, आडवी होत गेली आणि कारखान्याच्या दाराला टेकली. आतून कोणीतरी विचारलं, “कोन हाय?” मी सांगितलं नाही.

मग माझ्या मेहुण्याला बोलावलं. दिनेश न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात कामाला आहे, त्यामुळे जगातल्या सगळ्या देशांबद्दल त्याला माहिती आहे असं त्याला वाटतं. “भावोजी, टेन्शन नका घेऊ,” तो म्हणाला. “बाहेर बर्फातले लोक टायरला स्क्रू मारतात. डोकी बाहेर, बर्फात घुसली की गाडी एकदम फिक्स.” त्यानं मोबाईलवर दाखवलंही. पांढऱ्याशुभ्र तलावावर एक लालबुंद माणूस भरधाव एटीव्ही चालवत होता. मला तो माणूस आवडला. मनातल्या मनात मी त्याच्या जागी बसलो आणि मागे नऊवारीतली आये बसवली.

आम्ही दुपारभर स्क्रू मारले. त्या व्हिडिओतले स्क्रू आखूड होते, हे शेवटचा स्क्रू बसल्यावर कळलं. आमचे लांब होते. चारही चाकांनी मिळून एक सुस्कारा सोडला आणि खेकडा अंगणात पोट टेकून बसला. रेवदंड्याचा पंक्चरवाला टायर उजेडासमोर धरून म्हणाला, “दादा, यात पीठ चाळायचं होतं का?”

टायर दुरुस्त करून आणले तोवर दिनेशला दुसरी युक्ती सुचली होती: साखळ्या. टायरला साखळी गुंडाळायची. हा प्रयोग सुजातानं अंगणातच बंद पाडला. पहिल्याच फेरीत साखळी सुटली आणि तुळशीवृंदावनाचा एक कोपरा घेऊन गेली.

“अहो, राहू दे आता,” ती म्हणाली. “आईंना मी समजावते.”

पण समजावणार कसं? आयेनं नवं लुगडं बाहेर काढून ठेवलं होतं. गुडघ्यांना सकाळ-संध्याकाळ तेल चोळत होती आणि माझ्याकडे बघून काही विचारतही नव्हती. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

उपाय मला आमच्याच पडवीत सापडला. तिथं भावाची जुनी, फाटकी जाळी ढिगानं पडलेली असतात. जाळं चिवट, खरखरीत, गाठीगाठींचं. टायरभोवती ते घट्ट गुंडाळलं आणि दोरीनं आवळलं. कारखान्याच्या अंगणात पुन्हा चाचणी घेतली. गाडी बर्फावर सरळ गेली, सरळ आली आणि ब्रेक दाबल्यावर जागच्या जागी उभी राहिली! दिनेशनं मला मिठी मारली. “भावोजी, हे बाहेर विकू आपण,” तो म्हणाला. मी मनात त्या लालबुंद माणसाला जाळं पाठवूनसुद्धा दिलं.

पौर्णिमेला सगळा गाव धक्क्यावर होता. पताका, बँजो पार्टी, माणसाएवढे स्पीकर आणि त्यांच्या पलीकडे जनरेटर. आये माझ्या मागे एका बाजूला पाय टाकून बसली. डोक्यात अबोलीची वेणी होती म्हणून हेल्मेट घालायला नकार दिला. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात माझी मान.

“आये, खांदा धर.”

“खांद्याचा भरवसा न्हाय,” ती म्हणाली.

उतार सुरू झाला. खाली बर्फ, शेवाळ, वर पावसाची भुरभुर, पण गाडी तसूभरही घसरली नाही. लोक बाजूला होऊन बघत होते. माझी छाती भरून आली. आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या घराण्याला शोभेल असं काहीतरी पाण्याच्या दिशेनं करत होतो.

मी एकच गोष्ट विसरलो होतो. जाळं टायरला बांधलं म्हणून ते टायर होत नाही. पकडायचं एवढंच त्याला माहीत.

आधी त्यानं बर्फाचं एक रिकामं पोतं पकडलं. मग कोणाची तरी चप्पल. पुढे पताकांची दोरी आली, ती चाकाभोवती गुंडाळत गेली आणि मागून अख्खी रांग सळसळत आमच्यामागे यायला लागली. “थांब, थांब,” लोक ओरडत होते. मला वाटलं शाबासकी देतायत, म्हणून मी एक हात वर केला. तेवढ्यात डाव्या चाकानं जमिनीवरून गेलेली एक जाड काळी वायर पकडली.

वायर ताणली गेली, जनरेटरमधून निसटली आणि बँजो पार्टीचा आवाज मध्येच तुटला. गाडीही बंद पडली, बरोबर पाण्याच्या कडेला.

इतकी शांतता मी आमच्या धक्क्यावर कधी अनुभवली नव्हती. लाटा ऐकू येत होत्या. बोटीवर भाऊ दोर हातात धरून उभा होता, फेरीला निघायच्या तयारीत. आये माझ्या मानेचा आधार घेऊन उतरली. पताका बाजूला सारल्या, दोन पावलं टाकली, वाकली. नारळ पाण्यात सोडला आणि हात जोडून उभी राहिली. माझे डोळे भरून आले. गाडीचं काय झालं, लोक काय म्हणतील, यातलं काही मनात उरलं नाही. ती पोहोचली होती.

मग ती दर्याशी बोलली. नेहमी बोलायची तशीच, मोठ्यानं. एरवी बँजोच्या दणक्यात शेजारच्यालाही ते कळलं नसतं.

“देवा, मी हाय अजून. इसरू नको. बोटीवरची पोरा हुशार हायेत, त्यांची मना काय काळजी न्हाय.” मग तिनं मागे वळून माझ्याकडे, चाकाकडे, चाकातल्या चपलेकडे बघितलं. “पन यो माझा थोरला जमिनीवर असतो. याला तेवढा सांभाल.”

भावासकट सगळ्या धक्क्यानं ते नीट ऐकलं. स्पीकरची वायर मीच काढली होती.