तात्यासाहेबांची सुनावणी

कबनूरचे तात्यासाहेब मगदूम म्हंजे आठ यंत्रमागांचे मालक अन् तोंडानं एक नंबर फटकळ. मागांच्या खडखडाटात तीस वर्षं ओरडून बोलले, आता जैन बस्तीत देवापुढंबी ओरडूनच बोलत्यात. फकस्त दशलक्षण पर्वातले दहा दिवस त्यांचं मौन असतंय. चोवीस वर्षं झाली, एकदाबी मोडलेलं न्हाय. घरची माणसं वर्षभर त्या दहा दिवसांची वाट बघत्यात!

मी नागसेन. त्यांचं जीएसटीचं काम बघतो. तवा पॉलिस्टरच्या सुतावर बारा टक्के कर होता अन् कापडावर पाच. जादा गेलेला परत मागायचा, असा कायदा. आम्ही पावणेचार लाख मागितलं. ते न्हाय आलं तर दोन माग विकायची पाळी होती. आली काय, तर नोटीस. सुताची बिलं जुळत नाहीत, अर्ज का नाकारू नये, सुनावणीला या. तारीख नेमकी पर्वातली.

मी पळत जाऊन तारीख पुढं मागितली. जीएसटीचे साहेब म्हणाले, "पुढे जाणार नाही. आणि तुम्ही नको, अर्जदारानं स्वतः म्हणणं मांडायचं. न्यायाचं तत्त्व आहे." किती ती काळजी, बघा की!

तात्यासाहेब दोन दिवस जेवले न्हाईत धड. मग बायकोच्या, म्हंजे विजयमालाकाकूंच्या, पुढ्यात कागद सरकवला, त्यावर एकच शब्द, 'बोलणार.' काकूंनी डोळ्याला पदर लावला.

कोल्हापूरच्या हापिसात त्यांनी आधी हात जोडून देवाची माफी मागितली अन् तोंड उघडलं.  एकेक बिल काढून, व्यापाऱ्यानं नंबर कुठं चुकवला ते बोट ठेवून दाखवलं. पाऊण तास! साहेब मान डोलवत होते. मला वाटलं, झालं, जिंकलो.

तेवढ्यात क्लार्कनं हुकूम हातात दिला. मी वाचला. 'अर्जदार स्वतः हजर राहिले. त्यांचे म्हणणे सविस्तर ऐकून घेतले. ते समाधानकारक नाही. अर्ज नामंजूर.' खाली सही, शिक्का अन् तारीख. कालची.

माझं टाळकंच सरकलं. "ओ साहेब, हुकूम कालचाच हाय की! मग ह्या माणसाला आज बोलायला कशाला लावलं?"

साहेबांनी चष्मा पुसला. "असं कसं? ऐकून घेतल्याशिवाय नाकारता येत नाही हो."