तार अडकवायची दाढ

आईची कवळी अर्धीच होती. डावीकडच्या तिच्या शेवटच्या दाढेला कवळीची तार अडकायची. ती दाढ गेली की कवळी गेली, आणि कवळी गेली की भाकरी गेली. म्हणून दाढ ठणकायला लागल्यावर मी रजा टाकून सांगलीहून साताऱ्याला गेले आणि रूट कॅनाल सुरू करून दिलं.

डॉक्टरीणबाईंनी आतली खराब नस काढली, मुळांच्या नळ्या धुतल्या आणि वर कच्चं सिमेंट लावलं. "काकू, हे अर्धंच काम झालंय. पुढच्या आठवड्यात नळ्या पक्क्या भरू, मग कॅप. तोवर या बाजूनं चावू नका. आणि मिश्री बंद."

"सकाळची बी?"

"सकाळचीच."

"हिनंच पढवलंय तुमास्नी," आई माझ्याकडे बघत म्हणाली.

तारीख, रिक्षावाल्याचा नंबर, गोळ्यांच्या वेळा, सगळं लिहून फ्रिजवर चिकटवलं आणि मी परतले. कुपवाडच्या कारखान्यात हजेरी-पगाराचं काम माझ्याकडे, महिनाअखेर होती.

ठणका थांबला, आणि तिथंच घात झाला.

"डॉक्टरकडे गेलीस का?" मी फोनवर विचारायचे.

"आगं, दुखत न्हाई तर कशाला जाऊ? काय दावू तिला?"

पुढं गाल सुजला तेव्हा मी पुन्हा गेले. डॉक्टरीणबाईंनी दाढेत सुई घातली, तर काळी भुकटी बाहेर आली. सिमेंट कधीतरी भाकरीबरोबर निघालं होतं. भोकात घास अडकायला लागला, म्हणून आई रोज सकाळी त्यात मिश्री दाबून बसवत होती. तिच्या माहेरी किडक्या दाढेला सगळे हेच करायचे.

"बुजवलं की मी," ती म्हणाली. आवाजात चक्क अभिमान होता.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरून बघितला. मग म्हणाल्या, "नस काढल्यावर दाढ ओरडत नाही, म्हणून बरी झाली असं वाटतं. पण वरून उघडी राहिली की लाळ पुन्हा नळ्यांत उतरते, जंतू मुळाशी जातात. आणि कॅप नसलेली पोकळ दाढ चावताना चिरते. ही मुळापर्यंत चिरलीय."

मी विचारायच्या गोष्टी लिहूनच नेल्या होत्या. पुन्हा रूट कॅनाल? नाही. नुसती कॅप? नाही. दाढ काढून स्क्रूचा दात? हाड उरलेलं नाही, त्यात साखर. मी एकेका ओळीवर काट मारत गेले.

"पर आता तर दुखत न्हाई," आई म्हणाली.

सूज उतरल्यावर दाढ काढली. कवळी आता कपाटात डबीत असते. भाकरी दुधात कुस्करून ठेवली तर आई चार घास खाते आणि वाटी सरकवते.

परवा गेले तेव्हा ती मागच्या पायरीवर बसून रिकाम्या हिरडीला मिश्री लावत होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं. मी आत गेले. पिशवीतला रवा, मूगडाळ, केळी काढून जागच्या जागी ठेवली. साताऱ्याच्या यादीत आता चावायचं काही नसतं.