अडतिसावी

मा बोराम भौतिकशास्त्रात कायम शेवटची. जेचॉनच्या त्या मुलींच्या शाळेत तिला कुणी हसत नसे, उलट ती असल्याचं सगळ्यांना बरंच वाटे. आपल्याकडे गुण किती पडले याला विचारतो कोण? किती जणींना मागे टाकलं ते बोला. पहिली श्रेणी वरच्या चार टक्क्यांनाच मिळते आणि ती नसेल तर सोलच्या बड्या विद्यापीठांची स्वप्नं बघूच नयेत. त्या विषयाला मुली होत्या अडतीस, त्यांचे चार टक्के दीडाच्या जरा वर, ते पूर्ण धरून पहिली श्रेणी दोघींना. एक जरी गळाली, की एकीलाच. असला हा आपला न्याय!

बोराम दुसऱ्या वर्षात होती तेव्हा तिचे वडील सिमेंटच्या कारखान्यात शिडीवरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. आई केव्हाच गेलेली. आत्या काही दिवस दवाखान्यात राहिली आणि मग म्हणाली, "पोरी, माझी सफरचंदाची बाग वाऱ्यावर पडलीय. बापाजवळ तू बस, नाहीतर त्याला शुश्रूषागृहात टाकावं लागेल." बोरामने शाळा सोडायचं ठरवलं. परीक्षा काय, पुढे बाहेरूनही देता येते. वर्गशिक्षक कुक सरांना तिने तसं सांगूनही टाकलं.

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तोक हेवॉन ताट घेऊन तिच्यासमोर येऊन बसली. ही भौतिकशास्त्रात नेहमी दुसरी येणारी. आजवर तिने बोरामकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

"खरंच चाललीस?"

"हो."

"परीक्षेपर्यंत तरी थांब ना गं. मी शिकवते तुला."

"मला? त्यापेक्षा भिंतीला शिकव."

"भिंत माझं ऐकत नाही. तू ऐकशील."

आणि हेवॉनने शिकवलं, अगदी मनापासून शिकवलं. तिच्या आईने बोरामच्या वडिलांसाठी भाताची पेज पाठवली. मुली बोरामसाठी जागा धरू लागल्या. आपली कुणी वाट बघतं, हे सुख त्या पोरीला नवीन होतं. तिला भोळी म्हणून मोकळं होऊ नका, त्या वयात कुणीही भुललं असतं. तिने सरांना सांगितलं, "राहते मी." आत्याने तोंडाला येईल ते सुनावलं आणि भावाला डोंगरापलीकडच्या शुश्रूषागृहात नेऊन ठेवलं. फोनवर वडील म्हणायचे, "माझं उत्तम चाललंय. तू अभ्यास कर."

परीक्षा संपल्यावर ती त्यांना भेटायला गेली. तिथे त्यांना कुणी कुशीवर वळवतच नव्हतं. पाठीला जखमा होऊन चिघळल्या होत्या, आणि खोलीत वास मारत होता. ते तिला बघून हसले, याचंच तिला जास्त रडू आलं.

निकाल लागला. बोराम शेवटचीच आली, पण दोन गणितं तिने स्वतःच्या डोक्याने सोडवली होती. ती धावत हेवॉनला सांगायला गेली. हेवॉनला पहिली श्रेणी मिळाली होती. तिने बोरामला घट्ट मिठी मारली.

"तुझे उपकार विसरणार नाही हं. आता जायचं असेल तर जा तू. माझं झालं."

हे ती प्रेमाने म्हणाली. आपण काही वाईट बोललो, हे तिच्या गावीही नव्हतं. बोरामच्या मनातून हेवॉन कायमची उतरली. ती तशीच कुक सरांकडे गेली आणि नाव कमी करा म्हणाली.

सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अगं, पुढच्या सत्रात रसायनशास्त्राला नेमका तुझ्यामुळे आकडा जुळतोय. एका पोरीच्या भविष्याचा प्रश्न आहे. हिवाळ्यापर्यंत थांबतेस का?"

बोरामने आजवर कुठल्याच सरांना उलट उत्तर दिलं नव्हतं.

"सर, माझ्या बापाच्या पाठीला भोक पडलंय. बोट जाईल एवढं."

सरांनी चष्मा परत घातला आणि मान वर न करता ते तिच्या अर्जावर मारायचा शिक्का शोधू लागले.