भाच्याच्या खोट्या मुंग्या

टँकरची वाट बदलायची ठरली त्या दिवशी लिंबाखाली कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हंजे मागून कोणी म्हणू नये की म्हातारीनं मनचं सांगितलं. मी व्हते. माझी सून कांता व्हती, सातवा महिना लागलेली. शेजारची गयाबाई व्हती, तिच्या तोंडाबिगर आमच्या वस्तीवर पान हालत न्हाई. टँकरचा डायवर महेबूब व्हता. आन माझ्या धाकट्या नणंदेचा पोरगा व्हता, त्याचंच हे सांगणं हाय. मी अशी माणसं मोजली तर तो म्हणला, "मामी, मुंग्या राहिल्या की." म्हून त्याबी धरा, लिंबाच्या बुडाशी व्हत्या तेवढ्या समद्या.

सत्तरी गाठली मी. परकार परकारची येडी माणसं बघितली. अंगात येणारी बघितली, बकरीला मंगळसूत्र घालणारी बघितली. पण मुंगीला 'अहो' म्हणणारा माणूस आख्ख्या मराठवाड्यात एकच, आन तो नेमका आमच्या नात्यात निघाला. कॉलेजातल्या मोठ्या सायबाला नमस्कार करायचा इसरंल, पण ओसरीवर पाय ठेवायच्या आधी खाली वाकून म्हणंल, "अहो बाई, जरा सरका, मी बसतो." आमच्याकडं भाच्याच्या पाया पडायची रीत हाय. मामी म्हातारी असू द्या न्हाई तर तरणी, भाचा दारात आला की वाकायचं. एका दिवाळीला मी अशी वाकले, तर हा माझा हातच धरून बसला. मला वाटलं, लेकराला मामीची माया आली. तर म्हणतो कसा, "थांबा मामी, तुमच्या अंगठ्यापाशी रांग चालू हाय. ती जाऊ द्या, मग पडा." रांग जाईपतुर मी तशीच वाकलेली. कंबर धरली ती गुढीपाडव्यापतुर सुटली न्हाई.

वसमतला कॉलेजात कंप्युटर शिकवायचा तो. पंचेचाळिशीचा असंल, पण शर्टाची गुंडी कधी बराबर लागली न्हाई. आयतवार आला की गाडी घेऊन आमच्या वस्तीवर. मी इचारलं, "काहून रे, वसमतला मुंग्या न्हाईत का?" तर म्हणला, "हायेत मामी, पण तिथल्यांना चहाच्या टपरीची सवय लागली. तुमच्याकडच्या कष्टाळू हायेत." म्हणलं, बरं झालं बाई, आमच्या कष्टाची कुणीतरी दखल घेतली. खिशात रुमाल न्हाई, पण गुळाचा खडा कायम. ओसरीच्या एका टोकाला खडा ठेवायचा, दुसऱ्या टोकाला मुंग्यांचं बीळ, आन मधी बांबूच्या चिपा लावून दोन वाटा करायचा, एक जवळची, एक लांबची. मग उन्हात तंगड्या टाकून तीन तीन तास बघत बसायचा. भाकरी ताटात वाळून जायची, आन तिच्यावर मुंग्या चढल्या की खूश. गयाबाई म्हणायची, "पोराला बाधा झाली, उतरून टाक." मी मीठ-मिरच्या उतरून टाकल्या बी. तर त्या मिरच्या कोणत्या मुंगीनं हुंगल्या, कोणत्या मुंगीनं न्हाई, ते बघत बसला.

त्याचं लगीन झालं न्हाई त्याचं कारण बी मुंग्याच. कळमनुरीकडं एक स्थळ पाहिलं व्हतं, मी सोबत गेलते. पोरगी नाकीडोळी नीटस, शिकलेली. शिऱ्याच्या बशा आल्या. ह्याच्या बशीच्या काठावर दोन मुंग्या. दुसरा कोणी असता तर गपचूप फुंकर मारली असती. हा म्हणला, "ह्या कोणत्या वाटेनं आल्या?" आन उठला की बाई! मुंग्यांच्या मागं मागं बैठकीतून माजघरात, माजघरातून चुलीपाशी, तिथून पोरीच्या आजीच्या बाजेखाली. पाय तेवढे भायेर. आजी वरडली, "चोर, चोर!" पोरीचा बाप मला म्हणला, "बाई, तुमचा भाचा पोरगी बघाया आला का बीळ?" वापस येताना मी तोंडावर पदर घेतला. तो म्हणला, "मामी, घर चांगलं हाय. पण त्यांचा रस्ता लांबून पडतो."

त्याच्या डोक्यात काय चालू व्हतं ते मला एकदाच समजलं, ते सांगते. म्हणला, मुंगीला मुकादम नसतो. कोणी हाक मारत न्हाई, कोणी रागवत न्हाई. जी मुंगी खायला घेऊन येती ती वाटंवर आपला वास सोडती. जवळच्या वाटंची मुंगी लवकर परत येती, पुन्हा जाती, म्हून त्या वाटंवर वास वाढत जातो, आन मागच्या मुंग्या वासाला धरून तिकडंच वळतात. लांबच्या वाटंचा वास हळूहळू उडून जातो. "आन मामी, वास उडणं लई गरजेचं. उडाला न्हाई तर पहिली मुंगी चुकली की समद्या जन्मभर चुकीच्याच वाटंनं जातात." आता हेच तो कंप्युटरात करायचा. खोट्या मुंग्या सोडायचा, हजारानं. त्या आतल्या आत पळायच्या आन कोणती वाट जवळची ते हुडकून द्यायच्या.

मी इचारलं, "खातात काय त्या?"

"काहीच न्हाई मामी."

"पाणी?"

"न्हाई."

"मग आमच्या वस्तीच्याच असतील," म्हणलं. तो हसला, आन मग एकदम हसायचा थांबला.

कारण ते हसण्यासारखं नव्हतं. आमची वस्ती हट्ट्याच्या वरल्या अंगाला, माळावर. कालव्याचं पाणी खाली जातं, माळाला चढत न्हाई. खाली हळदीची रानं. आमीच बाया खाली जाऊन हळद काढतो, वेचतो, शिजवायच्या कढईला पाणी घालतो, आन घरी येतो तर माठ कोरडा. फागुन लागला की टँकर. भरायच्या हिरीपासून निघायचा, सात वस्त्या करायचा, आमची सातवी. आमच्यापतुर येता येता तळचा गाळ उरायचा. दुसरी खेप आमाला मिळाली असती, पण भरायच्या हिरीवरली लाईट दुपारी बाराला जायची, आन टँकर वापस पोचायचा एक वाजता. मग राहिली आमची हीर. आत उतरायचं, दगडाला पाय लावून वाटीवाटीनं पाणी भरायचं, वरून दुसरीनं वढायचं. माझ्या टाळूवरचे केस घागरीनं गेले, त्याचं काही न्हाई. पण दोन लेकरं माझी पोटातच गेली, एक पाचव्या महिन्यात, एक सातव्या. दोन्ही येळेला मी हिरीवरून आलते. आन आता कांताला सातवा. पोरगं माझं ऊसतोडीला गेलेलं. मी उतरू म्हणलं तर माझे गुडघे उतरू देत न्हाईत. ती उतरायची. मी वर कासरा धरून उभी.

हे भाच्यानं बघितलं आन त्या दिवशी लिंबाखाली महेबूबला बसवून इचारलं, "भाऊ, तुमी पहिल्या वस्तीला एवढा वळसा घालून काहून जाता?"

महेबूब म्हणला, "सर, अपने को जो रस्ता मिला वही चलाया. माझ्या आधीच्या डायवरनं दाखवला."

"आन त्याला?"

"त्याच्या आधीच्यानं."

तवा गयाबाईनं तोंड उघडलं. "अरे, त्या पहिल्या डायवरची सासुरवाडी व्हती तिथं! सकाळी सकाळी जावायाला चहा आन गरम भजी. भज्यापायी टँकर तिकडून जायचा."

तो डायवर नोकरी सोडून गेला, सासू मरून गेली, भजी बंद झाली, आन टँकर आपला वळसा घालूनच चालला. भाच्यानं कपाळावर हात मारला. "मामी, वास उडालाच न्हाई बगा!"

मग दोन आयतवार तो गाडीवर सातही वस्त्या हिंडला, अंतरं लिहून आणली, आन आमच्या ओसरीवर कंप्युटर उघडून खोट्या मुंग्या सोडल्या. आमी समदे वाकून बघून राहिलो. काळ्या पडद्यावर बारीक रेघा वळवळल्या, आन मग एक रेघ जाड होत होत राहिली. खालच्या नव्या डांबरी सडकेनं पहिली आमची वस्ती, मग बाकीच्या सहा, आन साडेदहाला वापस. दुसरी खेप भरायला दीड घंटा हातात. महेबूब म्हणला, "स्टेरिंग माझं हाय, उद्याच चालवतो." कांतानं पडद्याला हात जोडले. मला बी रडू आलं असतं, पण सवय न्हाई.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडं सकाळीच टँकर आला आन भरून पाणी मिळालं असं तुमाला वाटलं असंल. आमाला बी वाटलं व्हतं. डायवर येताना त्याच नव्या सडकेनं येऊन राहिला, आन बघतो तर काय, पाऊण कोस सडक पिवळीधम्मक. शिजवलेली हळद वाळू घातलेली, ह्या काठापासून त्या काठापतुर. हळदवाले काठ्या घेऊन आडवे झाले. पुढं जाता येईना, भरलेला टँकर मागं घेता येईना. मागं घेता घेता एक चाक सडकेकडच्या चारीत गेलं. ट्रॅक्टर आणून वढला तवा दुपार झालती. त्या दिवशी कोणत्याच वस्तीला धड पाणी न्हाई. सहा वस्त्यांच्या बाया आमच्या नावानं बोटं मोडून राहिल्या.

चूक कुणाची म्हणाल तर समद्यांचीच. फागुनात त्या सडकेवर हळद पडती हे आमाला बायांना ठाव नव्हतं का? आमीच तर पसरतो ती. पण आमाला वाटलं, कंप्युटर हाय, त्याला ठाव असंल. आन त्याला वाटलं, बायांना काही सांगायचं असतं तर त्या बोलल्या असत्या.

कांता त्या दिवशी पुन्हा हिरीत उतरली. भाचा रजा टाकून टँकर बघाया आलता. वर चढताना तिचा पाय सटकला. पडली न्हाई, कासरा व्हता कमरंला, पण मधीच लटकून राहिली. मी, गयाबाई आन भाचा, तिघांनी वढली. वर आली, पोटाला हात लावून बसली, म्हणली, "हालून राहिलं आत." तेवढं ऐकलं आन भाचा उठून हिरीच्या मागं जाऊन बसला, पाठ करून. मी जवळ गेले. म्हणला, "मामी, उद्यापासून मी येत न्हाई. माझ्या खेळापायी..." मी म्हणलं, "चल, चहा पी. हीर तुझ्या खेळाच्या आधीपासून हाय."

घरात आलो. गुळाच्या डब्याला मुंग्या लागलेल्या. मी आपली रोजच्यासारखी चिमूटभर हळद घेतली आन डब्याभोवती रेघ वढली. मुंग्या आल्या, रेघंपाशी थांबल्या, मिशा हालवल्या, आन वळल्या. ह्याचा कप हातातच राहिला. "मामी, हे काय केलं?" म्हणलं, "समद्या बाया करतात. मुंगी हळद वलांडत न्हाई." तो एवढ्यानं वरडला की गयाबाई पळत आली, "मामी! माझ्या मुंग्या हळदीवरून गेल्या वो! नाक असणाऱ्या मुंग्या वळल्या असत्या!"

मग त्यानं बराबर केलं. कंप्युटर बाजूला ठेवला आन आमा बायांना ओसरीवर बसवलं. कढई आज कुणाच्या रानात लागली, परवा कुणाच्या, शिजल्यावर हळद कोणत्या सडकेवर पडणार, किती दिवस राहणार, हे आमच्याहून जास्त कुणाला ठाव? आमी सांगत गेलो, तो लिहीत गेला. दुसरीपतुर शिकलेली मी, आन कॉलेजातला सर मला इचारतो, "मामी, ही वाट बंद करू का चालू ठेवू?" जिथं हळद पडली ती वाट तो कंप्युटरात बंद करायचा, मुंग्या पुन्हा सोडायचा, आन नवी वाट सांगायचा. त्या येळेला ओढ्याकाठची गाडवाट निघाली. महेबूब म्हणला, "चारीत गेलो तर तुमी काढायचं, सर." पण गेला. सकाळी आठला आमच्या दारात टँकर, आन बाराच्या आत दुसरी खेप भरलेली. नळी सोडली तवा पाणी असं जोरात आलं की गयाबाईची घागर पालथी झाली, आन ती बया पहिल्यांदा गप राहिली. कांता पुन्हा हिरीत उतरली न्हाई. नववा भरून पोरगी झाली, पावणेतीन किलोची.

आता भाचा लांबच्या कॉलेजात गेला, तिकडं आईजवळ राहतो. फोन करतो, पण आधी मुंग्यांचं इचारतो, मग नातीचं, आन माझ्या गुडघ्याची पाळी येईस्तोवर त्याची रेंज जाती. ओसरीवर आता मी गुळाचा डबा उघडा ठेवते कधी कधी. येतात बिचाऱ्या. त्यांना काय बोलावं ते मला जमत न्हाई. महेबूबची बी बदली झाली. नवा डायवर त्या वर्षीच्या वाटंचा कागद काचंला चिकटवून तसाच चालवून राहिला, आन ह्या फागुनात ओढ्याकाठच्या वाटंवर बी हळद पडली. चार दिवस आमच्याकडं पाणी न्हाई आलं. आमी जाऊन त्याला सांगितलं तवा आलं.

वाचणारांना एवढंच म्हणणं हाय. सडकेवर हळद वाळू घाला, सोयाबीन घाला, आमीच येऊन पसरू. पण एका बाजूनं टँकर जाईल एवढी जागा मोकळी सोडा.